बापूकाकांची सरसर

चांगलं करायला जाऊन माती कशी खावी, ते माझ्याकडून शिका. आमचे बापूकाका सरकारी नोकरी सांभाळून संध्याकाळी नामपल्लीच्या एका हॉटेलात जॅझ वाजवायचे. तिघंच होते. एक पियानोवर, एक बास या मोठ्या तंतुवाद्यावर आणि ड्रमवर काका. बाकीचे दोघे आता नाहीत. तिथल्या कार्यक्रमांच्या चार कॅसेट तेवढ्या उरल्यात.

काकांच्या पंच्याहत्तरीला त्या पेनड्राइव्हवर घालून द्याव्यात, म्हणून मी त्या सुलतान बाजारातल्या एका दुकानदाराकडे नेल्या. वर बजावलं, जुना माल आहे, जरा साफ करून द्या.

आठवड्याने तो खुशीत म्हणाला, "साब, सरसर बहुत थी. जड से निकाल दिया मैं."

वाढदिवसाला सगळ्यांसमोर लावलं. पियानो स्वच्छ, बास स्वच्छ. ड्रम कुठेच नाही. काका काड्यांनी नाही, तारांच्या ब्रशने वाजवायचे, आणि ड्रमवर ब्रश फिरला की सरसरच होते. दुकानदाराने कॅसेटची खरखर समजून काकांनाच पुसून टाकलं होतं.

काकूंनी विचारलं, "अहो, यात तुम्ही कुठे आहात?"

काकांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग चहाचा कप उचलत म्हणाले, "हॉटेलचा मॅनेजर रोज सांगायचा, ड्रम जरा कमी करा. शेवटी कुणीतरी ऐकलं बुवा त्याचं."