न निघणारी ब्रा

मीरा रोडच्या दवाखान्यात इंदूबाई बीपी मोजून घ्यायला आल्या होत्या. पण शेजारी एक सासू-सून येऊन टेकल्या, आणि बीपी राहिलं बाजूला, इंदूबाईंचे कान तिकडे लागले.

“दम लागतोय का गं सुरुची?”

“नाही आई. घट्ट आहे, एवढंच.”

“म्हणे पळायची ब्रा. हिला हुक नाही तर काढायची कशी, हे आमच्या मानसीनं अमेरिकेतून पाकीट पाठवताना कळवायला नको?”

“डोक्यातून घातली तेव्हा गेली. आता घामानं चिकटलीय, खांद्याशी अडते.”

“सकाळपासून सांगतेय, कात्री लावू.”

“कात्री नको. आपल्या इथल्या बेव्हर्ली पार्कला आज पहिल्यांदा छातीशी हात न धरता पळाले मी.”

“अजिबात हललं नाही?”

“जराही नाही.”

“हं. धरून मात्र छान ठेवते.”

“तुम्हाला काय माहीत?”

सासूबाईंनी पदर सारखा केला.

“पेशंट कोण?” कंपाउंडरनं दारातून विचारलं.

“दोघी,” सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेच्या कानाशी लागल्या. “तुझी कशी निघते ते बघायला पाकिटातली दुसरी मी घालून पाहिली.”