गुडघे टेकल्याशिवाय चाल नाही

...नाही, तुम्हीच सांगा ना, फोनमध्ये गुडघे कुठून आणायचे माणसानं? आहे का तशी काही सोय? मी सगळ्या सेटिंग्ज उघडून पाहिल्या! पटाचा रंग बदलता येतो, आवाज बंद करता येतो, समोरचा झोपला असेल तर टुण्णकन घंटी मारून 'चाल करा हो' म्हणता येतं... गुडघे नाहीत! आणि मुदियागाकाका म्हणतात, पोरीनं गुडघे टेकल्याशिवाय मी पहिली चाल करणार नाही. कशात? ऑनलाइन स्क्रॅबलमध्ये!

आता तुम्हाला सांगते, ही आग मीच लावली होती. आमच्या उघेली गावात टायरच्या दुकानामागे स्क्रॅबलचं मंडळ आहे. वीस वर्षं तिथे काय चाललंय? वडीलधारा माणूस आधी खेळणार. का? वडीलधारा म्हणून! चाल चुकली की परत घेणार. का? 'हात कुठे उचलला होता मी?' पिशवीतून अक्षरांचे ठोकळे काढताना सावकाश बोटांनी हवं ते अक्षर चाचपत बसणार, आणि आपण नुसतं बघितलं तर, 'काय बघतेस गं, उफुओमा? डोळे खाली!' आता डोळे खाली घातले तर पट दिसेल का माणसाला? ...बरं, पट खालीच असतो म्हणा, पण मुद्दा समजून घ्या!

तर राज्याच्या संघात शेवटची एक जागा उरली होती. संघ राजधानीला, अबुजाला जाणार, राष्ट्रीय स्पर्धेला. दावेदार दोन. एक मी, सात वर्षं शब्द पाठ करतेय, अंघोळ करतानासुद्धा. दुसरे मुदियागाकाका, वय एकाहत्तर, काचेच्या कारखान्यात भट्टीवर आयुष्य काढलेलं, त्यामुळे कशानंच घाम फुटत नाही त्यांना. मी मंडळात चाळीस मिनिटं भाषण ठोकलं. म्हटलं, निवडीचा सामना ऑनलाइन होऊ दे! यंत्राला वय दिसत नाही, पांढरी दाढी दिसत नाही, पिशवीत हात घालता येत नाही. पटावर सगळे समान! टाळ्या पडल्या हो! काकांनीही वाजवल्या. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शनिवारी दुपारी चारला खेळ सुरू. पहिली चाल कुणाची ते यंत्र ठरवतं, त्यानं ठरवली काकांची. चोवीस तासांत चाल केली नाही तर डाव गेला, असा नियम. पाच वाजले... काही नाही. सहा वाजले... काही नाही. मी घंटी मारली. टुण्ण! आणि ती टुण्ण मला ऐकू आली, कारण काका राहतात कुठे? आमच्या भिंतीपलीकडे!

"वाजतेय गं तुझी घंटी! बहिरा नाही मी!"

"मग चाल करा ना, काका!"

"कोण बोलतंय? मला तर कुणी 'मिग्वो' म्हटल्याचं आठवत नाही."

घ्या! आता रोज सकाळी मी या माणसासमोर गुडघे टेकते. हातात पाण्याची बादली असली तरी टेकते. 'मिग्वो, काका', म्हणजे 'टेकलेत गुडघे' म्हणते, ते 'व्रेन्दो', म्हणजे 'ऊठ' म्हणतात, मग उठते. तेवीस वर्षांत एक दिवस चुकले नाही. पण ते अंगणात! खेळाच्या आत नाही! पटावर सगळे समान, म्हणजे समान!

तरी मी म्हटलं, जाऊ दे, वाद नको. चॅटमध्ये टाइप केलं, 'मिग्वो'. उत्तर काय आलं? 'अक्षरं पोचली. गुडघे पोचले नाहीत.'

व्हिडिओ कॉल केला. फोन एका हातात धरून टेकले एकदाची. काका म्हणतात, "मला नाक दिसतंय."

फोन खाली नेला. "आता चटई दिसतेय."

"काका, चटईवरच आहेत गुडघे!"

"असतील. माझ्यापुढे नाहीत ना."

आणि तेवढ्यात वीज गेली, वायफाय गेलं, चटई गेली, नाक गेलं... सगळं गेलं!

आई आतून, जेवणासाठी कसाव्याचा स्टार्च घोटता घोटता, "अगं जा, टेक, ऊठ, ये. माझं सूप उकळायच्या आत होईल."

"आई, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"मग तत्त्वाला पाठव. त्याचे गुडघे मोकळे आहेत का बघ."



रविवार उजाडला. गल्लीत दोन तट पडले. प्रार्थनेहून परतणाऱ्या बायका आमच्या दारात थांबून विचारतायत, "टेकलेस का गं?" जणू मी लग्नाला होकार देतेय! दुपारी साडेतीनला मंडळाच्या सचिवाचा, वोकेचा, फोन. "उफुओमा, तोंड उघडू नकोस. अर्धा तास फक्त बसून राहा. काका चाल करत नाहीत, डाव जातोय, जागा तुझी!"

बसून राहा! ऐकलंत? अहो, बसून जागा मिळवणाऱ्यांविरुद्धच तर भाषण होतं माझं! एकही शब्द न मांडता अबुजाला जायचं? मग पिशवीत बोटं घालणारे काय वाईट होते? ते निदान खेळत तरी होते!

फोनवरच्या चौकटीत आकडे पळतायत... सतरा मिनिटं... बारा मिनिटं... मी भिंतीवरून डोकावले. काका ओसरीत बसलेले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. चष्मा पुसतायत, फोन बघतायत, परत पुसतायत. तुम्हाला सांगते, त्या भट्टीवाल्या माणसाला घाम फुटला होता! जागा त्यांनाही हवी होती. पण मागे फिरायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मला तर मुळीच माहीत नव्हतं.

मी ओरडले, "काका, चाल करा हो! डाव जाईल!"

"गेला तर गेला!" आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले.

आता काय करायचं? फाटकाला कुलूप, काकू किल्ली घेऊन चर्चला. नऊ मिनिटं! म्हटलं, जाऊन त्यांचं बोटच धरते आणि दाबते बटण. चढले भिंतीवर. चढताना मी क्रांतिकारक होते हो! उतरताना स्कर्ट अडकला, पाय सटकला, आणि धप्प! पडले कशावर? दोन्ही गुडघ्यांवर! काकांच्या अगदी पुढ्यात!

आणि इथे माझा घात झाला. तेवीस वर्षांची सवय! गुडघे जमिनीला लागले की तोंड मला विचारत नाही. ते आपलं आपण म्हणालं, "मिग्वो, काका!"

"व्रेन्दो, पोरी, व्रेन्दो! अगं ऊठ! एवढ्या जोरात टेकायला कुणी सांगितलं होतं?"

आणि लगेच चाल! सातही अक्षरं एका दमात पटावर! कालपासून शब्द तयार ठेवून बसले होते ते, दडपून!

मग तिथेच ओसरीवर बसलो, शेजारी शेजारी, आपापल्या फोनात डोकं घालून. एकानं चाल केली की दुसऱ्याच्या हातात टुण्ण. काकू आल्या, त्यांनी माझ्या गुडघ्यांना हळद लावली आणि दोघांनाही शिव्या घातल्या. संध्याकाळपर्यंत डाव रंगला. शेवटी मी जिंकले. तीन गुणांनी! खरोखरची, खेळून!

काकांनी फोन खिशात टाकला. मग उभे राहिले, आणि डाव बघायला भिंतीवर लटकलेल्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघितलंत? माझ्या व्रेन्दोमुळे जिंकली!"

आणि गल्लीला पटलं हो! सात वर्षं शब्द पाठ केले मी, आणि श्रेय गुडघ्यांना! 'मी पडले होते' असं सांगितलं, तर वोके म्हणतो, "म्हणजे देवानंच टेकवलं."

ही बातमी आमच्या आधी अबुजाला पोचली. संघातले बाकीचे पाचही जण माझ्याहून मोठे. प्रत्येक फेरीच्या आधी कर्णधार मला कोपरानं ढोसतो, "जा, तुझं टेकणं लागू पडतं," आणि हॉलमधल्या म्हाताऱ्यांची रांग दाखवतो. काल तर माझा प्रतिस्पर्धीच पंचाहत्तरीचा निघाला.

पटावर सगळे समान! मी आजही हेच म्हणते. फक्त हल्ली जरा खालून म्हणते.