सुनेच्या पुढं

काष्टीच्या स्टँडवर एस.टी.च्या रांगेत उभ्या असलेल्या दमयंतीबाईंच्या कानावर मागच्या दोघींचं बोलणं पडत होतं.

“चांगुणाबाई, सुनेला पळायच्या मंडळात घातली म्हनं?”

“मीच घातली, छबूबाई. लई दम हाय तिच्यात.”

“लोक हसले असतील!”

“हसले की. पैल्या दिशी पोर लाजून जाग्यावरनं हलंना.”

“मग वो?”

“मग मीच पदर खोचला अन् तिच्या म्होरं पळत सुटले. तशी निघाली.”

“तुमी? या वयात?”

“येशीपातूर पळाले अन् बसले धापा टाकत. ती मातूर पाच मैल गेली. परवा श्रीगोंद्याच्या शर्यतीत धा बाप्ये मागं टाकले तिनं!”

दमयंतीबाईंनी न राहवून मागं वळून पाहिलं. छबूबाई जरा घुटमळल्या.

“आमच्या सुनेला धाडू का उद्या?”

“धाडू नगा. संगं घिऊन या.”