पांढऱ्या वाळूवरचे मासे

(केनियाच्या किनाऱ्यावरची कितांगानी खाडी. दुपारची ओहोटी. सहलीला आलेल्या पाहुण्यांना गळाच्या मासेमारीसाठी समुद्रावर नेणारी एक बोट वाळूवर टेकली आहे. बोटीत तिघे : तांडेल थोया, त्याचा जुना खलाशी चेंगो, आणि थोयाची भाची जुम्वा. ती मत्स्यसंशोधन केंद्रात काम करते. धरलेल्या शिडमाशाला केंद्राचा बिल्ला टोचून सोडायचं आणि त्याचं कार्ड भरून केंद्राला द्यायचं, अशी इथली पद्धत.)

जुम्वा : हे कार्ड पुन्हा वाचते, मामा. खाडीतून सुटण्याची वेळ, सकाळी सहा चाळीस. मासा लागला सात दहाला. बिल्ला टोचून सोडला सात तीसला. जागा, पांढरी वाळू.

थोया : बरोबर आहे की. अक्षर माझंच.

जुम्वा : अक्षराबद्दल शंका नाही. पांढरी वाळू इथून अठरा मैल आहे. तीस मिनिटांत अठरा मैल, म्हणजे ताशी छत्तीस. तुमची बोट ताशी बाराच्या वर गेली की चेंगोकाका इंजिनावर हात ठेवून देवाचं नाव घेतात.

चेंगो : अकराच्या वर.

थोया : त्या दिवशी प्रवाह पाठीशी होता.

जुम्वा : ताशी पंचवीस मैलांचा प्रवाह? मग मालिंदी शहर जागेवर राहिलं कसं?

थोया : घड्याळ पुढे असेल. एका कार्डावरून माणसाला चोर ठरवायला निघालीस!

जुम्वा : एक कार्ड नाही. या खाडीतल्या अकरा बोटींची, आठ वर्षांची, चार हजार दोनशे कार्डं. त्यांतली तीन हजार नऊशे पांढऱ्या वाळूची. गेले दोन दिवस मी प्रत्येकाची वेळ आणि अंतर ताडून पाहतेय. पांढऱ्या वाळूची जी कार्डं खरी असू शकतात, ती किती निघाली, सांगू?

चेंगो : सांग.

जुम्वा : एकशे सहा.

चेंगो : एवढी? तिकडे कोण गेलं होतं मरायला?

थोया : चेंगो, तू आमिषं काप.

चेंगो : कापतोच आहे. कान मोकळे आहेत माझे.

जुम्वा : मामा, उद्या दहाला सुनावणी आहे. लांब दोरांची जहाजं, एकेका दोराला दोन हजार गळ, ती आपल्या समुद्रात कुठे चालतील आणि कुठे नाही, ते उद्या ठरणार. बंद करायला एकच चौकट मिळते, शंभर चौरस मैलांची. ती जिथे मासे जास्त तिथे आखायची. मासे कुठे जास्त, हे तुमच्या कार्डांवरून काढायचं. नकाशा मी काढला. चौकट बसली पांढऱ्या वाळूवर. तिथे काय आहे?

थोया : समुद्र आहे.

जुम्वा : मामा!

चेंगो : वाळू आहे. मागे एकदा चप्पल लागली होती गळाला. डाव्या पायाची.

थोया : हा माणूस मला एक दिवस बुडवणार.

जुम्वा : चौकट चपलेभोवती आखली गेलीय. आणि जिथे तुम्ही खरोखर मासे धरता, ती जागा चौकटीबाहेर. म्हणजे जहाजांना मोकळी. कायद्याने, शिक्क्यासकट.

थोया : मग चौकट मोठी कर. तुमच्या हातात पेन्सिल, तुमच्याच हातात कागद.

जुम्वा : शंभराची एकशे एक होत नाही. तेवढ्यासाठी तीन वर्षं भांडून शंभर मिळालेत.

थोया : तू एवढी शिकलेली. आठ वर्षं तुला दिसलं नाही?

जुम्वा : नाही दिसलं. तोच राग आहे मला, आणि तो तुमच्यावर निम्माच आहे. अकरा बोटी, अकरा तांडेल, त्यांतले चौघे एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत, आणि सगळ्यांच्या नोंदी एका मैलाच्या आत. प्रयोगशाळेत एवढी एकवाक्यता दिसली असती, तर मी आधी उपकरण तपासलं असतं. इथे मला वाटलं, काय शिस्तीची माणसं आहेत! वेळ आणि जागा एकाच कार्डावर, बोटभर अंतरावर. मी आठ वर्षं जागा जागांशी ताडल्या आणि वेळा वेळांशी.

चेंगो : शिस्तीची होतीच की. सगळ्यांनी एकच खोटं लिहिलं.

थोया : खोटं म्हणू नकोस. सांभाळून लिहिलं. जुम्वा, तू तेव्हा नैरोबीला शिकत होतीस. इथे काय चाललं होतं, तुला ठाऊक नाही. पाहुण्याच्या हातात कार्डाची प्रत पडायची. तो हॉटेलात जाऊन चार लोकांना दाखवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मालिंदीच्या चौदा बोटी आपल्या डोक्यावर! एकाच्या गळाचं तंगूस दुसऱ्याच्या इंजिनाच्या पंख्यात. म्हणून मग आम्ही म्वारिंगा तांडेलाच्या अंगणात बसलो. अकरा जण. माडी जमिनीवर ओतली, पूर्वजांना साक्षी ठेवलं. जागा आपल्या तोंडातून बाहेर जायची नाही. कार्डावर पांढरी वाळू.

जुम्वा : पांढरी वाळूच का?

थोया : कोणाच्या हयातीत तिथे मासा लागलेला नव्हता. मालिंदीवाले जाऊन हात हलवत परत येतील, म्हणून.

जुम्वा : गेले?

चेंगो : वर्षभर जात होते. डिझेल जाळत. मग आम्हाला शिव्या देऊन थांबले. तेवढं छान झालं.

जुम्वा : मग कार्डं भरलीत कशाला? नुसते मासे सोडले असते.

थोया : पाहुण्याला मासा घरी नेता येत नाही. त्याच्या हातात काहीतरी नको? कार्ड असतं, त्याच्यावर त्याचं नाव असतं. आणि बाकी सगळं खरं आहे हां. बिल्ल्याचा आकडा खरा. तारीख खरी. लांबी खरी.

जुम्वा : वजन?

चेंगो : वजन पाहुण्याच्या पोटाच्या घेराप्रमाणे. मागच्या आठवड्यातल्या त्या इटालियनाचा मासा त्याच्या बायकोएवढा लिहिला.

जुम्वा : वजनं मी कधीच धरली नव्हती. देवाची कृपा.

थोया : हे बघ, तुला कळलंय ना? मग तूच सांग उद्या. उभी राहा आणि म्हण, पांढरी वाळू चूक.

जुम्वा : म्हणणारच आहे. त्यावर अध्यक्ष विचारतील, मग बरोबर कुठे? माझ्याकडे काय आहे? अर्धा तास आणि ताशी अकरा मैल. म्हणजे खाडीच्या तोंडापासून साडेपाच मैलांचं अर्धवर्तुळ. अर्धवर्तुळ म्हणजे जागा नव्हे. जहाजवाल्यांचा वकील समोर बसलेला असेल. तो म्हणेल, नोंदी खोट्या, नकाशा खोटा, तर मग बंदीच कशाला? आणि त्याचं म्हणणं तर्काला धरून असेल, हे सगळ्यात वाईट. मला जागा हवी, आणि तिथे मासे धरले असं सही करून सांगणारा माणूस हवा.

थोया : बाकीच्यांना विचार.

जुम्वा : विचारून आले. अकरा तांडेलांपैकी तिघे वारले, एक मोम्बासात मुलाकडे आहे. तुम्ही सोडून उरलेल्या सहांकडे सकाळपासून फिरतेय. जेफ्वांनी नारळपाणी दिलं आणि माझ्या लग्नाची चौकशी केली. किट्साओंना एकाएकी ऐकू येईनासं झालं. सहाही जणांचा सूर एकच, आम्ही खरं लिहिलं, खोटं बाकीच्यांनी लिहिलं असेल. एकाने तर तुमचं नाव घेतलं.

थोया : कोणी?

जुम्वा : ते नाही सांगणार.

चेंगो : जेफ्वा.

थोया : जेफ्वा! त्याला तर मी स्वतः...

जुम्वा : मामा, जेफ्वांचं नंतर बघा.

थोया : नंतर काय बघू? परवान्याच्या मागच्या बाजूला काय छापलंय, वाचलंयस? खोटी नोंद केल्यास परवाना रद्द. मी उद्या सही केली, तर परवा ही बोट कोंबड्यांना बसायला द्यायची. सहाही जण घरी बसून मासे खातील आणि म्हणतील, थोयाने शपथ मोडली, त्याचं असंच व्हायचं होतं.

जुम्वा : परवाना जाऊ शकतो. जाणार नाही असं मी म्हणत नाही. शपथेबद्दल मात्र...

थोया : शपथेबद्दल तू बोलू नकोस. तुझा विश्वास नाही, माहीत आहे.

जुम्वा : माझ्या विश्वासाचा प्रश्न नाही. शपथ मासे सांभाळण्यासाठी होती. आता तिच्यामुळेच ते जाणार आहेत.

चेंगो : शपथ तांडेलांनी घेतली. मी तिथे माडी वाढत होतो. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. जुम्वा, वही काढ. मशिदीचा मिनार...

थोया : तोंड बंद ठेव!

जुम्वा : काका, तुमच्या एकट्याच्या सांगण्याने भागणार नाही. पहिला प्रश्न येईल, कार्डावर सही कोणाची?

चेंगो : मग त्याला विचार, चार दिवस झेंडा का नाही चढला ते.

जुम्वा : म्हणजे?

चेंगो : मासा सोडला की परत येताना बोटीवर झेंडा चढवतो ना आपण? ऐन मोसम आहे. एका दिवसात पाच-पाच चढवलेत या आठवड्यात, दर वर्षी. यंदा चार दिवस बोडकी काठी घेऊन येतोय. पाहुणे तोंड फिरवून उतरतात. आणि हा मला सांगतो, पाणी गार आहे.

जुम्वा : पाणी गार नाही. काल मोजलंय. अठ्ठावीस अंश. मामा?

थोया : दोष पाण्याचा नाही.

जुम्वा : मामा, काय झालंय?

थोया : सोमवारी जागेवर गेलो, तर पाण्यावर दोर तरंगत होता. जाड. तुटलेला. ओढत गेलो. चाळीस गळ मोजले, पुढचे सोडून दिले. सात शिडमासे होते त्याला. मेलेले, पंख मिटलेले. एकाच्या पाठीवर हा होता. घे.

जुम्वा : हा आपला बिल्ला आहे. शून्य तीन एक आठ आठ. थांबा, यादी आहे माझ्याजवळ. तीन एक आठ आठ... गेल्या वर्षी, फेब्रुवारीत. बोट तुमची. लांबी एकशे नव्व्याण्णव सेंटिमीटर. जागा, पांढरी वाळू.

चेंगो : त्या वेळी एक पोरगी होती गळकाठीवर, शाळेतली. मासा सोडताना रडली. आठवतं?

थोया : आठवतं.

जुम्वा : हा दोर तुम्हाला तुमच्या जागेवर मिळाला? नेमका तिथेच?

थोया : बरोबर कडेला, जिथून तळ खाली जातो. टाकणाऱ्याने डोळे मिटून नव्हता टाकला. जहाजावर यंत्रं असतात, त्यांत तळ दिसतो. आमच्या आजोबांना जी जागा शोधायला उभा जन्म गेला, ती त्यांना आठवड्यात सापडली असेल.

जुम्वा : आणि तुम्ही मला आत्तापर्यंत सांगितलं नाहीत.

थोया : काय सांगू? कोणती जागा म्हणून सांगू? सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कुठे मिळाला.

जुम्वा : म्हणजे मालिंदीवाल्यांपासून लपवलेली जागा जहाजांना माहीत आहे. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. काकांना माहीत आहे. आता ती ठाऊक नसलेला एकच उरलाय, कायदा.

चेंगो : आणि मालिंदीवाले.

जुम्वा : आणि मालिंदीवाले. ते येतील, मामा. उद्या जागा जाहीर झाली की परवा चौदा बोटी येतील, तंगूसं गुंततील, भांडणं होतील. मी खोटा दिलासा देणार नाही. पण ते एका काठीने एक मासा धरतात आणि बिल्ला टोचून सोडतात. त्यांच्याशी भांडायला तुम्ही आहात. त्या जहाजाशी भांडायला कागदाशिवाय काही नाही.

चेंगो : थोया, मी सांगतो. माझं काय जातंय? मला परवानाच नाही.

थोया : थांब. बोट माझी आहे. लिही, जुम्वा. मशिदीचा मिनार त्या मोठ्या गोरखचिंचेच्या डाव्या खांद्यावर आला पाहिजे. मध्ये हाताएवढी फट दिसली तर तू उत्तरेला गेलीस. दक्षिणेला कासवबेटाची शेपटी उघडी पडली पाहिजे, पण तिच्यावरची वाळू दिसता कामा नये. तिथे बावीस वाव खोल पाणी. बोट वाहत स्वतःच्या दोन लांब्यांएवढी पुढे गेली की वजन सोडून बघ, तळ लागत नाही. सकाळी त्या कडेवर मासे वर येतात. माझा बाप तिथेच धरायचा, होडीतून.

जुम्वा : हळू. बावीस वाव... लिहिलं. अर्धवर्तुळाच्या आतच आहे. पाच मैलांच्या जरा पुढे.

चेंगो : बघ, हिचं गणित जुळलं. आता चेहरा तरी सरळ कर, पोरी.

जुम्वा : उद्या जे सांगायचंय, त्यामुळे आज चेहरा सरळ होत नाही, काका. आठ वर्षांच्या नकाशावर मीच काट मारणार आहे, वकिलासमोर. मामा, क्रम असा. आधी मी उभी राहते, चूक माझी म्हणून सांगते. वेळा जागांशी ताडायला हव्या होत्या, ताडल्या नाहीत. तुम्ही त्यानंतर.

थोया : जेफ्वा तिथे असेल?

जुम्वा : सगळ्यांना बोलावणं गेलंय.

थोया : येईल. बघायला येईल. नवा नकाशा आज काढशील?

जुम्वा : संध्याकाळपर्यंत.

थोया : नकाशावर तुझं नाव कुठे असतं?

जुम्वा : खाली, उजव्या कोपऱ्यात. बारीक अक्षरांत.

थोया : मग त्याच्या खाली माझं घाल. तांडेल लिहू नकोस, ते उद्या दुपारपर्यंत राहील की नाही, सांगता येत नाही. नुसतं थोया लिही.