तनुजानं बाईंना बाद केलं

मंडळी, एक विचारतो. लेकराचं भलं व्हावं म्हणून त्याला चारचौघांत लाजवलं, तर त्याचं भलं होतं का हो? लगेच माना हलवू नका, आधी ऐका!

शेजारच्या गावच्या शाळेत वैजयंता धुमाळ नावाच्या बाई. सातवीचा वर्ग त्यांच्याकडे. मायाळू, पण फार घाईच्या! पोरं डब्यात वेफर्स आणतात, सुट्टीत कट्ट्यावरून हलत नाहीत, अंगं सुटत चाललीत, म्हणून बाईंना घोर लागला. घोर खरा होता बरं का! पण केलं काय? मैदानात वजनकाटा मांडला आणि एकेकाचं वजन मोठ्यानं वाचायला लागल्या. अहो, बाजारात कांदा तोलतात तसं!

तनुजा सुतारची पाळी आली. बाईंनी आकडा वाचला. वर्ग हसला. पोर काट्यावरून उतरली, ओळीत जाऊन उभी राहिली. बाईंनी पुढचं नाव पुकारलंसुद्धा!

तिसऱ्या दिवशी प्रार्थनेला ती उभ्या उभ्या कोसळली. एकच धावपळ! बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडल्यावर पोरीनं हळूच विचारलं, "बाई, दोन दिवस मी जेवले नाही. आता काटा कमी दाखवेल का?"

मंडळी, बाईंनी तडक डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तपासलं, उपाशीपणानं भोवळ आली होती, दुसरं काही नव्हतं. आई धावत आली. तिला बाईंनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, काही लपवलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "मी तुम्हाला शिकवायला निघाले आणि लाजवून बसले. चुकलं माझं."

काटा कपाटात गेला! सुट्टीत सगळ्यांनी गोल बसून भाजी-भाकरी खायचं ठरलं. बाईंचाही डबा तिथंच उघडायचा. वेफर्स? शनिवारी, तेही वाटून! आणि रोज शेवटच्या तासाला खो-खो. बाई स्वतः पदर खोचून मैदानात!

पहिले काही दिवस तनुजा कडेलाच बसायची. मग बसली एकदा खो मिळायची वाट बघत खेळाच्या ओळीत. पाठीवर थाप पडली, "खो!" आणि पोर सुटली की हो! बाई पुढं, ही मागं! बाई खांबाकडे वळल्या, हिनं खांब धरून अंग झोकलं, हात लांब केला आणि बाई बाद! वर्ग नाचायला लागला. धापा टाकत तनुजा म्हणाली, "बाई, भूक लागली." बाईंनी आपल्या डब्यातली उरलेली भाकरी काढून तिच्या हातावर ठेवली. बाईंचे डोळे भरले होते, आणि पोर घास तोडत खुदूखुदू हसत होती.

आता तुमच्याकडे वळतो! घरी लेकराला "जाड्या" म्हणता, आणि ते रडलं की बिस्किटाचा पुडा आणि मोबाईल हातात देता. कोण देतं? शेजारी येऊन देतो का? तेव्हा कीर्तन आटपून देवाचं नाव घ्यायच्या आधी सांगा: उद्या संध्याकाळी पोराबरोबर अंगणात पळायला कोण कोण उतरणार? करा हात वर!

अहो, पोरांचेच वर झाले. आईबापांनो, तुमचे कुठं आहेत?