दोन जणांचा पंख कापल्याबाबत

मी, सगळे जिला पंखवाली म्हणतात ती, वय ५६, धंदा पॅराग्लायडरचे पंख तपासणे व दुरुस्त करणे, राहणार टेकडीखालचा रस्ता, सायकल दुकानाच्या वरचा मजला, समक्ष हजर राहून सांगते की, खाली दिलेली हकीकत माझ्या डोळ्यांसमोर व बरीचशी माझ्याच हातून घडलेली आहे.

तक्रारदार हे माझे व्याही, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षक आहेत. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. ही पदवी त्यांनी स्वतःच घेतलेली आहे. निवृत्तीनंतर ते उडायला शिकले. उडतात चांगले, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ते दोन जणांना नेणारा एक जुना पंख घेऊन माझ्या कारखान्यात आले. पंखाला गुलाबाचा वास येत होता. मी कारण विचारले. ते म्हणाले, "चिखल लागला होता. हिने मशीनमध्ये दोनदा फिरवून काढला, चादरींबरोबर. बघा कसा चकाचक झालाय!" मी खुर्चीवर बसले.

पंखाच्या कापडावर एक लेप असतो, त्यामुळे हवा आत धरून राहते. तो साबणाने जातो. ठरावीक हवा कापडातून निघून जायला किती सेकंद लागतात हे मोजायचे यंत्र माझ्याकडे आहे. नव्या कापडाला तीनशेच्या वर लागतात. पंधराच्या खाली मी पंख नापास करते. या पंखाला चार लागले. दुसऱ्या जागी तीन. तक्रारदार म्हणाले, "यंत्र बिघडलंय." मी त्यांच्यासमोर नवे कापड लावून दाखवले, यंत्र ठीक होते. मग मधली एक दोरी ताणून पाहिली, ती पेलायला हवे त्याच्या निम्म्या वजनालाच तुटली. मी कागदावर नापास लिहिले.

"नापास? विहीणबाई, माझ्या हाताखालून चार हजार माणसं पास झालीत!"

"ती माणसं होती, व्याहीबुवा. हे कापड आहे."

त्यानंतर चार दिवस मला फोन आले. मुलीचे सहा. विहीणबाईंचा एक, त्यात त्यांनी साबण महागातला होता एवढेच सांगितले. जावई म्हणाले, "मी यात पडत नाही." हे सांगायला त्यांना अकरा मिनिटे लागली.

आज शनिवारी दुपारी तक्रारदार पुन्हा आले. "पासचा शिक्का नको. माझा पंख मला द्या." उद्या नातीला सात वर्षे पूर्ण होतात, तिला घेऊन उडायचे कबूल केले आहे, तिने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवले आहे, असे ते म्हणाले. ही नात आम्हा दोघांची एकच.

मी म्हणाले, "दोरी तुटलेली तुम्ही पाहिलीत."

"मी हळू नेईन."

"वरून खाली येताना हळू कसं यायचं, ते तुमच्या शाळेत शिकवत होते का?"

"अहो, बावीस किलोची पोर. चिमणीएवढी. काय होतंय?"

यानंतर काय झाले असे विचारता सांगते की, मी मोठी कात्री घेतली. पंख टेबलावर पसरलेलाच होता. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत बरोबर मधून कापला. कात्री कुठेही अडली नाही. तक्रारदार "अहो! अहो! अहो!" असे तीन वेळा म्हणाले व तक्रार द्यायला निघाले. माझ्याकडे वाहन नसल्याने त्यांनीच मला स्कूटरवर मागे बसवून इथे पोलीस ठाण्यात आणले. वाटेत गतिरोधकावर ते "धरून बसा" एवढेच म्हणाले.

इथे हवालदारांनी पंखाचा तुकडा मोजण्यासाठी धरला असता तो त्यांच्या दोन अंगठ्यांमध्ये फाटला. त्यांनी दुसऱ्या जागी धरला, तिथेही फाटला. साहेबांनी स्वतः फाडून पाहिला. मग तक्रारदारांनी एक तुकडा घेतला, थोडा ओढला. बाकावर बसले. पाणी मागितले.

नंतर त्यांनी मला विचारले, "कुठपर्यंत वर गेलो असतो आम्ही?"

मी म्हणाले, "झाडांच्या वर."

त्यावर त्यांनी तक्रार परत मागितली. साहेब म्हणाले, जबाब सुरू झाला आहे, आता पुरा होऊ द्या. म्हणून हा पुरा करत आहे. तक्रारदार बाहेर उभे राहून नातीला फोनवर समजावत आहेत. "नाही गं, आजीचं बरोबर आहे," एवढे मला इथे ऐकू आले. नातीने उरलेला पंख स्वतः फाडायला मागितला आहे. मी होकार दिला आहे.

पंख मी कापला, ही माझी कबुली. तो कोणाच्या सांगण्यावरून कापला नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. फक्त 'मोठी कात्री घेतली' याच्या आधी 'रागाने' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले. मग त्या जागी काय लिहू, असे हवालदारांनी दोनदा विचारले. जागा कोरी ठेवली आहे.