वांधा-सूचनांची खिडकी

बडोद्याच्या जुन्या गल्ल्यांसाठी महापालिकेने नवे नियम सुचवले होते. त्यांवरचे वांधे, म्हणजे हरकती, आणि सूचनांचे अर्ज घेणाऱ्या खिडकीपुढे मी उभा होतो. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या पुढच्या बाईंनी वळून पाहिलं.

"विश्वासकाका, तुम्ही?"

"बरी भेटलीस, मंदा. चष्मा घरीच राहिला. माझा वांधा लिहून दे. गुजरातीतच लिही."

"सांगा."

"गल्लीत दोन मजल्यांच्या वर बांधायचं नाही, हे मला मान्य नाही. माझे गुडघे गेलेत. उंच बांधू दिलं तर बिल्डर लिफ्ट देतोय."

"लिहिलं. आणखी?"

"जुन्या भाडेकरूंना त्याच भाड्यात ठेवायचं, हेही मान्य नाही."

"तुमचे भाडेकरू म्हणजे आम्हीच ना, काका?"

"तुम्हीच. एकोणीस वर्षं झाली. लिहिलंस?"

"लिहिलं."

"आणि तू काय लिहून आणलंयस?"

"नियम चांगले आहेत, असं. इथून उठलो तर या भाड्यात गावात दुसरी खोली मिळायची नाही."

"बरोबर आहे तुझं."

"घरमालकांनी कधी त्रास दिला नाही, हेही लिहिलंय."

"ते कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"हं. सही कुठे करू?"

"इथे, माझ्या बोटाखाली."

खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही अर्जांवरचा पत्ता पाहिला. त्याने गुजरातीत विचारलं, "एक ज घरना छो?"

दोघं एकाच घरचे का, असं तो विचारत होता.

"हा भाई," काका म्हणाले, "एक ज घरना."